बशीतला चहा आणि तापलेली फोर्ड

मुलामुलींनो, या सदरात आपण नेहमी कुठल्या ना कुठल्या यंत्राच्या पोटात डोकावतो. आज पाळी आहे एका तऱ्हेवाईक अमेरिकन गाडीची. तिला म्हणतात हॉट रॉड.

हॉट रॉड कारखान्यातून तयार होऊन येत नाही. ती घरामागच्या शेडमध्ये जन्माला येते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांना हे वेड लागलं. स्वस्तातली जुनी फोर्ड आणायची, मडगार्ड काढून तिचं वजन उतरवायचं, इंजिनाची ताकद वाढवायची आणि आटलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर भन्नाट पळवायची! जानेवारी १९४८ मध्ये तर 'हॉट रॉड' नावाचं मासिकच निघालं. आजही तिकडे हौशी माणसं मुलांना हाताशी घेऊन अशा गाड्या जोडतात. त्यांची फार लाडकी गाडी म्हणजे १९३२ ची फोर्ड.

आता घोळ कुठे होतो बघा. त्या फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं ६५ अश्वशक्तीचं. पुढची जाळी उभट आणि अरुंद, तिच्यामागे रेडिएटरही तेवढाच. हे हौशी लोक तिथे शेव्हरोलेचं ५.७ लिटरचं इंजिन बसवतात. त्याची ताकद चौपट-पाचपट करणं त्यांना अवघड नाही. म्हणजे नाकपुड्या त्याच आणि अंगात मात्र पैलवान! मग सिग्नलला जरा थांबलं, की काटा वर चढतो आणि वाफ बाहेर येते.

असं का? पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी पळवायला उपयोगी पडतो. तेवढीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही तर पिस्टन अडकतात, इंजिनाचं हेड वाकडं होतं, सगळा खर्च पाण्यात. ही उष्णता वाहून नेणारा हमाल म्हणजे पाणी. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या नऊपट एक किलो पाण्याला लागते. पाणी इतकं ओझं उचलतं, बरं का!

पण हे ओझं उतरवायचं कुठे? आजोबा चहा बशीत ओतून फुंकर घालतात ना? बशी म्हणजे रेडिएटर आणि फुंकर म्हणजे पंखा. रेडिएटरमधल्या चपट्या नळ्यांतून पाणी पसरतं, मधल्या पातळ पत्र्यांना उष्णता देतं आणि वारा ती घेऊन जातो.

गाडी तापली, की पुष्कळ जण थेट दुकानात जाऊन मोठा रेडिएटर आणतात. मला हा घाईचा सौदा वाटतो. आधी एक प्रश्न विचारायचा : गाडी कधी तापते? उभी असताना की पळताना?

उभी असताना तापत असेल तर फुंकर कमी पडतेय. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. पंखा असतो गोल आणि रेडिएटर चौकोनी! पंखा नुसताच लावला तर तो समोरच्या गोलापुरती हवा ओढतो, कोपरे रिकामे बसतात. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पत्र्याची बंदिस्त पेटी बसवली, की हवा सगळ्या रेडिएटरमधून यावी लागते. पैसे थोडे आणि फरक मोठा.

गाडी भरधाव पळताना तापत असेल तर मात्र पाण्याकडे वळायचं. रेडिएटर लहान पडत असेल किंवा नळ्या गाळाने तुंबल्या असतील. कधी कधी खालचा रबरी पाइपच दगा देतो. मऊ स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक जोरात ओढला, की स्ट्रॉ कसा चपटा होतो? पंपाच्या ओढीने हा पाइपही तसाच मिटतो. म्हणून त्याच्या आत स्प्रिंग घालतात. आता रेडिएटर नवा घ्यायचाच ठरला तर आजकाल ॲल्युमिनियमचा घेतात. वर्गात हे सांगितलं तेव्हा एकीने लगेच विचारलं, "मग पातेल्याच्या तळाला तांबं कशाला लावतात?" शाबास! उष्णता वाहून नेण्यात तांबंच सरस. पण ॲल्युमिनियम हलकं, त्याच्या नळ्या जास्त रुंद करता येतात आणि रुंद नळी पत्र्यांना जास्त जागी चिकटते. इथे बशीच मोठी झाली.

आणखी एक बदल म्हणजे झाकण. १९३२ च्या फोर्डमध्ये पाणी उघड्या पातेल्यातल्यासारखं असे. हल्लीचं झाकण कुकरसारखा दाब धरून ठेवतं. आतला दाब बाहेरच्या हवेच्या दुप्पट झाला, की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. मात्र जुन्या रेडिएटरवर असं झाकण लावू नये, त्याचे सांधे उकलतात.

आता नीट लक्ष द्या. आईबाबांनाही वाचून दाखवा, कारण हे आपल्या गाडीलाही लागू आहे. घाटात चढावर गाडी तापली, बाजूला घेतली आणि कुणी लगेच ते झाकण फिरवलं, तर दाब एकदम सुटतो आणि आतलं पाणी क्षणात उसळून तोंडावर येतं. झाकण असलेली बाटली असेल तर तिचीही तीच गत. इंजिन बंद करून चांगलं गार होऊ द्यायचं. अर्धा तास गेला तर जाऊ दे. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, तेव्हा बोटं लांब. आणि पाण्यात मिसळायचं ते हिरवं-गुलाबी कूलंट सरबतासारखं दिसतं, चवीलाही गोड असतं, पण त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत ते कधीच ठेवू नये. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसावं, नाहीतर कुत्री-मांजरं चाटतात.

जाता जाता एक कोडं. अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनेव्हिल नावाचं मिठाचं अफाट मैदान आहे. तिथे वेगाचे विक्रम करायला येणाऱ्या कित्येक गाड्यांना रेडिएटर नसतोच! त्याऐवजी पाण्याची मोठी टाकी असते. धाव असते काही मैलांची. ती नऊपटीची गोष्ट आठवा आणि सांगा पाहू, त्यांचं इंजिन कसं काय वाचतं?