सापसुरळी विषारी नाही, मग काठी कशाला?

आंबागडसारख्या जंगलालगतच्या गावांत सापसुरळी दिसली की आधी काठी शोधली जाते. 'सापाची मावशी' हे नावच तिच्या जिवावर उठले आहे. प्रत्यक्षात ती पाल-सरड्यांच्या गटातली, बिनविषारी आणि किडे खाणारी. फारच संकट आले तर शेपूट टाकून पळते, एवढाच तिचा बचाव. तिला मारून शेतकऱ्याचेच नुकसान होते.

नावाचा घोळ शास्त्रज्ञांचाही झाला होता. दक्षिण भारतातील झाडांवर राहणारी एक सापसुरळी श्रीलंकेतील प्रजातीच समजली जायची. २०१२ मध्ये ती वेगळी ठरली आणि वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग यांचे नाव तिला मिळाले. वेगळी ओळख मिळाली, तरच तिच्या जंगलाचा हिशेब वेगळा मांडता येतो. विदर्भातील आलापल्लीच्या जंगलाचे नावही १९२६ पासून एका सापसुरळीला आहे. ती मात्र जमिनीवर राहणारी.