चार वर्षांचा सैनिक आणि आमचा दोनशे वर्षांचा हिशेब

मोबाईलवर 'सैन्याचे सर्वांत खडतर ट्रेनिंग' अशा नावाचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. चिखलातून सरपटणारा जवान, पाठीवर पिठ्ठू, कानाशी ओरडणारा उस्ताद आणि मागे देशभक्तीचे गाणे. आमच्या वस्त्यांतली पोरे हे पाहतात आणि पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. पण सैनिकाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ म्हणजे ट्रेनिंग, ही समजूत या व्हिडिओंनी पक्की करून टाकली आहे. आम्हाला ती मान्य नाही. बहुजनांच्या पोरासाठी सर्वांत कठीण टप्पे दोन आहेत आणि दोन्ही छावणीच्या गेटबाहेर आहेत. पहिला आत जाण्याआधीचा, दुसरा बाहेर पडल्यानंतरचा. या दोन टप्प्यांवर व्हिडिओ निघत नाहीत, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्या सभांतही त्यावर कोणी बोलत नाही.

आधी पहिला टप्पा पाहू. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावले तर 60 गुण, दहा पुलअप्सचे 40 गुण, नऊ फुटांचा खड्डा, मग उंची, छाती, मेडिकल. कागदावर हे सगळ्यांना सारखे आहे. पण उंची आणि छाती मोजणारी टेप फक्त पोराचे शरीर मोजत नाही. त्याची आई गरोदरपणी ऊसतोडीवर होती की घरी, तिला पोटभर मिळाले की नाही, हेही ती टेप मोजते. 2023 पासून मैदानाच्या आधी ऑनलाइन परीक्षा आली. म्हणजे ज्याच्याकडे पायांखेरीज दुसरे भांडवल नव्हते, त्याला पाय दाखवण्याआधी संगणकासमोर बसून गणित सोडवावे लागते. त्यासाठी अकादमी, अकादमीची फी, फीसाठी बापाची उसनवारी आणि आईच्या बचत गटाचे कर्ज. सैन्यभरतीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण नाही, हे आपल्यातल्या अनेकांना भरतीच्या रांगेत उभे राहिल्यावर कळते.

यात वर्षे किती जळतात? कोरोनाच्या नावाखाली सैन्यभरती दोन वर्षे बंद राहिली. ज्यांनी मैदान मारले होते, मेडिकल पास केले होते, ते लेखी परीक्षेची वाट पाहत बसले. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि त्यांना सांगण्यात आले की नव्याने अर्ज करा. वयाची अट त्या एका वर्षापुरती 21 वरून 23 केली. त्यातही जे बसले नाहीत त्यांचे काय, याचे उत्तर कोणी दिले नाही.

आता छावणीच्या आतले. पहाटेचा फॉल-इन, पीटी, ड्रिल, फायरिंग, रात्रीची रोल कॉल, आणि चूक झाली की रगडा. पहिल्या महिन्यात अनेकांना घरी पळून जावेसे वाटते. हे सोपे नाही. तरीही आमच्या पोराला ते झेपते, कारण तिथला त्रास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. एकाच रांगेत पलंग, एकाच लंगरचे जेवण, सगळ्यांचे केस सारखेच कापलेले. गावात ज्याच्या लग्नाची वरात मारुतीच्या देवळासमोरून जाऊ दिली जात नाही, त्याला बराकीतली ही शिस्त जाचक कमी आणि मोकळी जास्त वाटली तर नवल नाही. कष्ट आम्हाला नवे नाहीत. अपमान नसलेले कष्ट नवे आहेत.

पण म्हणून छावणीला समतेचे बेट समजू नका. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात जाट, शीख जाट आणि राजपूत एवढ्यांचीच भरती होते आणि न्यायालयात सैन्याने त्याला 'कामाची गरज' असे नाव दिले आहे. राष्ट्रपतिपदी दलित आणि आदिवासी व्यक्ती बसू शकते, तिच्या घोड्याशेजारी मात्र आमचे पोर उभे राहू शकत नाही! दुसरे उदाहरण 'सहायक' प्रथेचे. देशासाठी बंदूक उचलायला निघालेल्या जवानाने साहेबाचे बूट चमकवायचे, घरची कामे करायची. ही प्रथा बंद करा, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने केली, तरी ती रेटून चालवली गेली. ज्यांच्या पूर्वजांनी वेठबिगारी आणि महारकी पाहिली, त्यांना यातली मेख वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

त्यानंतर पोस्टिंग. बर्फ, वाळवंट, सीमा, घरापासून दूर काढलेली वर्षे. सैनिक हे सगळे सोसत आला, कारण त्याच्या मागे एक आश्वासन उभे होते. पंधरा वर्षांची नोकरी झाली की मरेपर्यंत पेन्शन, आणि तो गेला तर बायकोला पेन्शन. अग्निपथने नेमके हेच आश्वासन काढून घेतले.

आकडे पाठ करून ठेवा, कारण वाद घालताना ते लागतात. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. कापलेली 30 टक्के रक्कम आणि सरकारचा तेवढाच वाटा मिळून चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार रुपये सेवा निधी. जास्तीत जास्त 25 टक्के जवान कायम होतील. उरलेल्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, कॅन्टीनही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. म्हणजे एकविशी ते पंचविशीतली हजारो पोरे छातीवर अभिमान आणि हातात एक चेक घेऊन गावाच्या एसटी स्टँडवर उतरणार. आम्ही ज्याला दुसरा कठीण टप्पा म्हणतो तो हाच.

ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा मृत्यू झाला. कुटुंबाला किती लाख मिळणार यावर देशभर वाद झाला. विमा, सानुग्रह अनुदान यांची बेरीज मोठी दिसते, ती आम्ही नाकारत नाही. पण कायम सैनिक आणि अग्निवीर एकाच बर्फात उभे राहून गेले, तर एकाच्या आईबापांना पेन्शन आणि दुसऱ्याच्या आईबापांना फक्त एकरकमी पैसे. मरणातही श्रेणी लावणाऱ्या व्यवस्थेला बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले होते. ती आता नेमणूकपत्रात आली आहे.

आता जरा मागे वळू. 1 जानेवारी 1818 आपण दरवर्षी साजरा करतो. कोरेगावच्या स्तंभावरची नावे आपल्याला पाठ आहेत. पण त्यानंतर काय झाले हे किती जणांना ठाऊक आहे? 1892 मध्ये इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या रक्तावर स्तंभ उभारला तेच रातोरात लढाऊ राहिले नाहीत. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी 1894 मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. साहेब हलला नाही. पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, 1921 मध्ये मोडीत निघाली. दुसरे महायुद्ध आले. बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, त्यांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. 1943 मध्ये उभारलेली चमार रेजिमेंट 1946 मध्ये बरखास्त झाली.

हा क्रम नीट पाहा. गरज पडली की बोलावणे, गरज सरली की रामराम. इंग्रजांना हे करायला दरवेळी नवा हुकूम काढावा लागत होता. आजच्या सरकारने रामराम आधीच अटींमध्ये लिहून टाकला आहे.

याउलट सैन्यातली कायम नोकरी काय करू शकते, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैन्याच्या शाळेत 14 वर्षे मुख्याध्यापक होते. त्या छावण्यांत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. महूच्या छावणीत जन्मलेले त्यांचे चौदावे अपत्य पुढे शिकू शकले, त्यामागे रामजींची जिद्द होती, तशीच त्या घरात दर महिन्याला येणारी पेन्शनही होती. रामजींना चार वर्षांनी चेक देऊन घरी पाठवले असते तर? हा प्रश्न आम्ही भावनेने विचारत नाही. सैन्याने आमच्या समाजाला शौर्य दिले नाही, ते आमच्याकडे होतेच. सैन्याने शाळा आणि पेन्शन दिली, आणि त्यातून एक अख्खी शिकलेली पिढी उभी राहिली.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला: 'सैन्यात जात आणू नका.' जात आम्ही आणली नाही. रेजिमेंटची नावे वाचा. जुलै 2022 मध्ये अग्निवीर भरतीत जातीचा दाखला का मागता, असा गदारोळ झाला तेव्हा सरकारचे उत्तर होते की ही पद्धत पूर्वीपासूनच आहे. म्हणजे दाखला घेता, मग कोणत्या समाजाचे किती जण भरती झाले आणि किती जण कायम झाले, हे जाहीर का करत नाही? बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील ग्रंथात भारतीय सैन्याची रचना आकड्यांनिशी तपासली होती. तोच हिशेब मागणे देशद्रोह कसा?

दुसरा: 'बारा लाख काय कमी आहेत?' भांडवल कोणाच्या हातात पडते यावर त्याचे मोल ठरते. ज्याच्या मामाचे दुकान आहे, काका बँकेत आहे, त्याच्या हातात त्या पैशाचा धंदा होतो. आमच्या घरात तोच पैसा गळके छप्पर, बहिणीचे लग्न आणि अकादमीचे जुने कर्ज यांत वर्षभरात मुरतो. पेन्शन मुरत नाही, ती दर महिन्याला उगवते. निमलष्करी दलांत राखीव जागांची घोषणा झाली, हे खरे. पण घोषणा आणि नेमणूकपत्र यांत किती अंतर असते, हे अनुशेषाची लढाई लढलेल्या माणसाला शिकवू नका.

तिसरा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा: 'सैन्य हे राज्यसत्तेचे हत्यार, आपली पोरे तिथे पाठवायचीच कशाला?' सेमिनारमध्ये हे ठीक वाटते. वस्तीत रोजगाराचा दुसरा दरवाजा दाखवल्याशिवाय हे बोलणे आम्हाला जमत नाही. सफाईचे काम कंत्राटी झाले, शिक्षक कंत्राटी झाले, महामंडळे बंद पडली. सरकारी नोकरीचे जे मोजके दरवाजे उरले, त्यातला हा एक होता, आणि तोही आता कंत्राटी झाला. जो लढा आपण कंत्राटी सफाई कामगारासाठी देतो, तोच अग्निवीरासाठी दिला पाहिजे. इथे मराठा, धनगर, माळी, आदिवासी शेतकऱ्याचे पोरही त्याच रांगेत आहे. बहुजन एकजूट भाषणात शोधू नका, ती भरतीच्या मैदानावर पहाटे धावताना दिसेल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. चार वर्षांची अट रद्द करा, कायम भरती आणि पेन्शन परत आणा. ते होईपर्यंत ड्युटीवर मृत्यू पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला कायम सैनिकाइतकेच हक्क द्या. भरतीचे आणि कायम झालेल्यांचे समाजनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध करा.

आणि काम आपलेही आहे. प्रत्येक विहारात भरतीच्या पोरांसाठी गणित-विज्ञानाचा मोफत वर्ग चालू शकतो. आपल्या समाजात निवृत्त सैनिक, शिक्षक, इंजिनिअर कमी नाहीत. आत गेलेल्या पोराला मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायला लावा. अग्निवीरांसाठी इग्नूची पदवी आहे, तिचे निम्मे श्रेयांक प्रशिक्षणातूनच मिळतात. बाहेर पडणाऱ्यांची जिल्हावार नोंद ठेवा, राखीव जागांच्या जाहिराती त्यांच्यापर्यंत पोचवा, डावलले गेले तर वकील उभा करा. 1 जानेवारीला स्तंभाला मानवंदना द्यायला जाल तेव्हा या मागण्यांची पत्रके सोबत घ्या. वलंगकर आणि कांबळे यांनी अर्ज लिहिले तेव्हा त्यांच्यामागे मतांची ताकद नव्हती, संविधान नव्हते. आपल्याकडे दोन्ही आहे.

रगडा आमची पोरे सोसतील. त्यानंतरचे आयुष्य त्यांना एकट्याने सोसावे लागू नये, ही जबाबदारी चळवळीची आहे.

जय भीम! जय संविधान!