पदवी वावराची, रांग तलाठ्याची



बैठक संपली की दरवेळी कोणीतरी मला बाजूला घेतो. "भाऊ, पोरगं बारावी झालं. तुम्ही ॲग्रीचे. ॲग्रीला घातलं तर काही होईल का?" प्रत्येकाला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच छापून सांगतो.

आधी पदव्यांचा बाजारभाव पाहू. बी.ए. सर्वांत स्वस्त. तिच्यापुढे बी.एड. नाहीतर स्पर्धा परीक्षा. बी.एड. झाले तरी खासगी संस्थेत जागेसाठी काय मोजावे लागते, हे गावात कोणाला सांगायला नको. बी.कॉम. झालेल्याला जिनिंगवर, अडत्याकडे, कर-सल्लागाराकडे हिशेबाचे काम लवकर मिळते, पण पगार बेताचा. बी.एस्सी. रसायनवाल्याला कारखाना लागतो आणि तो आपल्या तालुक्यात नाही. इंजिनिअर झाला की पुण्याची गाडी धरतो. कृषीची पदवी चार वर्षांची. त्यानंतर लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, बँकेतला कृषी अधिकारी, कृषी खात्यातली गावपातळीवरची नोकरी, बियाणे-औषधांची कंपनी किंवा स्वतःचे कृषी केंद्र.

यादी लांब आहे. पण २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. एका जागेमागे दोनशेच्या वर पोरे. त्या परीक्षेला कोणतीही पदवी चालत होती. म्हणजे बी.ए.वाला, इंजिनिअर आणि ॲग्रीवाला वेगवेगळ्या दारांनी आत गेले आणि शेवटी एकाच रांगेत उभे राहिले. पदवी वावराची, रांग तलाठ्याची!

असे का होते? डॉक्टरकडे रोगी पैसे देतो, वकिलाकडे पक्षकार देतो. कृषी पदवीधराचे गिऱ्हाईक कोण? आपण. आणि आपल्याच हाती वर्षाच्या शेवटी काही उरत नाही. धंदा तोट्यात, तर त्या धंद्याची पदवी नफ्यात येईल कुठून? २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. ऐन कापूस घरात येण्याच्या वेळी घेतलेला हा निर्णय आपल्या खिशाला तर लागतोच, पण शेतीच्या जिवावर नोकरी शोधणाऱ्या पोरालाही लागतो.

मी स्वतः पदवी घेऊन एका औषध कंपनीत लागलो. मोटरसायकल मिळाली, गावातले लोक साहेब म्हणू लागले. महिनाअखेरीस विक्रीचा आकडा पुरा करायचा असे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पऱ्हाटीची पाने पुढे करून विचारले, "साहेब, मारू का राहू देऊ?" किडीचे प्रमाण इतके कमी होते की फवारणीची गरज नव्हती. हे मला कळत होते, चार वर्षे तेच शिकलो होतो. तरी मी म्हणालो, "मारा." त्याने उधारीवर औषध नेले. माझा आकडा पुरा झाला. पदवी माझी होती, पण पगार कंपनीचा होता, म्हणून सल्लाही कंपनीचाच निघाला.

ही गोष्ट एकट्या माझी नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याआधीच, २०१५ साली, कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शिक्षणाची अट आली होती. पण शिकलेला माणूस दुकानात बसवून काय होणार, जर त्याची कमाई बाटली खपण्यावरच ठरत असेल? काही पोरे तर पदवीचा कागद परवान्यासाठी भाड्याने देतात आणि स्वतः पुण्याच्या अभ्यासिकेत बसतात. दुकानात कागद टांगलेला असतो, पण सल्ला देणारा माणूस नसतो.

मग वाट कोणती? ज्याचा पगार, त्याचा सल्ला. पगार आपण द्यायला शिकलो तर सल्ला आपला होईल.

२००२ च्या कायदा दुरुस्तीपासून शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. २०२० च्या केंद्राच्या योजनेत अशा संस्थेला तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत मदत ठरली, व्यवस्थापकाचा पगारही त्यातच. पण सरकारी पैसा आटला की पगार थांबतो आणि पोरगा निघून जातो. हिशेब करा. ३०० सभासदांनी वर्षाला १,००० रुपये दिले तर ३ लाख होतात, म्हणजे महिन्याला २५ हजार. एवढ्यात एक ॲग्रीवाला राहील. माती-परीक्षण, बियाण्याची निवड, आठवड्याला पऱ्हाटीची पाहणी, बोंडअळीचे सापळे, ज्वारीची प्रतवारी, गोदामाची पावती, हे सगळे काम त्याचे. हिशेबाला गावचाच बी.कॉम. झालेला पोरगा किंवा पोरगी घ्या. एकदा "मारू नका" एवढे त्याने खरे सांगितले तरी दोन-तीन एकरवाल्याचे हजार रुपये फिटतात.

कोणी म्हणेल, सल्ल्याला कशाला पैसे? विद्यापीठ फुकट सांगते. सांगते, पण अकोल्याहून नाहीतर परभणीहून, सगळ्या जिल्ह्यांना एकच. तुमच्या धुऱ्यावर येऊन कोणी उभे राहत नाही. आणि दुकानदाराचा सल्ला फुकट असतो असे समजू नका, त्याची किंमत बाटलीत धरलेली असते.

मात्र एक सांगून ठेवतो. आपला चुकारा महिनाभर थांबला तर आपण रस्त्यावर बसतो. त्या पोराचा पगार तीन महिने थांबवला, तर तोही बँकेची परीक्षा देईल. त्याला दोष देता येणार नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. पोराला, पोरीलाही, आवडत असेल तर ॲग्रीला घाला. सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली तर जरूर घाला. पण खासगी महाविद्यालयासाठी वावर विकू नका. वावर विकून वावराची पदवी घेणे हा कोणता हिशेब? आणि स्पर्धा परीक्षेला मुदत घाला, दोन वर्षे, फार तर तीन. तिशी उलटेपर्यंत पोराला रांगेत उभे ठेवू नका.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने दोन याद्या आणाव्यात. एक, गावातल्या घरी बसलेल्या पदवीधरांची, पदवीसकट. दुसरी, वर्षाला हजार रुपये द्यायला तयार असलेल्यांची. पहिली यादी लांब निघेल, हे मला माहीत आहे. दुसरी किती लांब होते, त्यावर ठरेल की आपली शिकलेली पोरे आपल्या कामाची आहेत की कंपन्यांच्या.