संध्याकाळी शाळा उघडा

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एक साधा हिशेब दिला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीच्या मुलांना २२० दिवस आणि १,००० तास शिकवले गेले पाहिजे, असे २००९ चा हा कायदा सांगतो. वर्षाचे एकूण तास ८,७६०. रोजची साडेनऊ तासांची झोप वजा केली, तरी मुलाच्या जागेपणीचे सव्वापाच हजारांहून अधिक तास हाती राहतात. म्हणजे सहावीतल्या मुलीने एकही खाडा केला नाही आणि शाळेनेही एक तास वाया घालवला नाही, तरी वर्गातल्या शिकण्याला तिच्या जागेपणीच्या वेळेचा पाचवा हिस्साही येत नाही. उरलेल्या वेळेचे काय करायचे, हे आपण त्या त्या घरावर सोडून दिले आहे.

घरे सारखी नसतात. जळगावात ज्यांच्या खिशाला झेपते त्यांची मुले शाळेतून आली की शिकवणीला जातात; तिथून कुणी तबल्याच्या वर्गाला, कुणी पोहायला, कुणी बॅडमिंटनला. मेहरूण आणि तांबापुऱ्यातल्या गल्ल्यांत मात्र आई डाळ मिलमध्ये किंवा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात, वडील हातगाडीवर किंवा बांधकामावर, अशी घरे पुष्कळ आहेत. तिथली मुलगी दप्तर खाली ठेवते आणि धाकट्याला कडेवर घेते. मुलगा मेहरूण तलावाच्या बाजूला नाही तर महामार्गाच्या चौकाकडे निघतो. काही मुले कामाला लागतात. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी करतानाच शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावण्याची मुभा ठेवली गेली. शाळेनंतरचा वेळ कायद्याच्या लेखीही मोकळाच आहे. आणि याच वेळेत महापालिकेच्या शाळेच्या फाटकाला कुलूप असते.

ते कुलूप संध्याकाळी काढावे, असे आम्ही म्हणतो. पण एवढे पुरणार नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. मुलांना मोकळी खोली हवी असते, तिच्याहून जास्त त्या खोलीत रोज ठरल्या वेळी येणारे, त्यांना नावाने ओळखणारे, शिकवण्याची तयारी असलेले आणि त्या कामाचा मोबदला मिळणारे मोठे माणूस हवे असते. वस्त्यांमधल्या अशा उपक्रमांत शिकवणाऱ्या ताई-दादांचे मानधन हीच सर्वांत निकडीची आणि सर्वांत दुर्लक्षित गरज आहे. देणगीतून फळे, फलक आणि फर्निचर येते. ताईचा पगार देणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो येत नाही.

खानदेशाला हे बाहेरून कुणी शिकवायला नको. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिक्षक होते. त्यांचे मोठेपण जितके वर्गातले, तितकेच छात्रालयातले. छात्रालयाची जबाबदारी आल्यावर ते मुलांमध्येच राहिले. मुलांच्या खोल्या स्वतः झाडल्या, अंथरुणे आवरली, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, गरजू विद्यार्थ्यांसाठी स्वतःच्या पगारातून खर्च केला. ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक ते मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून काढत. दिवसभर शिकवून आलेला शिक्षक रात्री बसून मुलांसाठी रोजचे पत्र लिहितो, या एका गोष्टीत शाळेबाहेरच्या शिक्षणाचे सगळे मर्म सापडते: रोजचेपणा, आपलेपणा आणि मुलाच्या बुद्धीविषयी आदर. पुढे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभे राहिले, तेव्हा संध्याकाळच्या शाखेत खेळ, गाणी आणि बौद्धिक या वाटेने हेच काम गावोगावी गेले. ज्या जिल्ह्याने ही रीत घालून दिली, त्याच्या मुख्य शहरात ती एखाद-दुसऱ्या संस्थेच्या जिवावर तगून राहावी, याचे आम्हांला दुःख वाटते.

अशी संस्था आहे, हे भाग्य. २०१३ मध्ये जळगावात सुरू झालेल्या ‘वर्धिष्णू’ने कचरा वेचणाऱ्या मुलांचे जगणे समजून घेतले आणि त्यांच्यासाठी ‘आनंदघर’ उभारले. शाळेत कधी न गेलेली, मधेच सुटलेली, पटावर नाव असूनही वर्गात न दिसणारी मुले तिथे शिकती होतात. पण एक संस्था किती वस्त्यांना पुरणार? पुण्यात किशाभाऊ पटवर्धन या मुख्याध्यापकाने १९७९ मध्ये ‘स्वरूपवर्धिनी’ सुरू करून वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळच्या शाखा चालवल्या आणि त्याच शाखांत वाढलेली मुले पुढे दादा-ताई म्हणून उभी राहिली. मुंबईत ‘आकांक्षा’ने १९९१ मध्ये महाविद्यालयीन तरुण आणि शाळेची रिकामी वर्गखोली या दोनच भांडवलांवर सुरुवात केली. त्याच ‘आकांक्षा’ने नंतर पालिकेच्या शाळाच चालवायला घेतल्या. संध्याकाळचे दोन तास दिवसाच्या शाळेचे दुबळेपण भरून काढू शकत नाहीत, हा त्यातला धडा आम्ही मान्य करतो. महापालिकेच्या शाळेत शिक्षक पुरेसे असणे ही पहिली मागणी राहीलच. संध्याकाळचे केंद्र ही तिच्यातून पळवाट होता कामा नये.

ताई महत्त्वाची, हे आम्ही भावनेच्या भरात म्हणत नाही. मुंबई आणि बडोद्यातल्या पालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने ‘बालसखी’ नेमल्या. त्या त्याच वस्तीतल्या, शिकलेल्या, थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या आणि बेताच्या मानधनावर काम करणाऱ्या तरुणी होत्या. मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन त्या शिकवत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगाची कसून तपासणी केली. मुलांची प्रगती लक्षणीय होती, आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. याच मंडळींनी उत्तर प्रदेशातल्या जौनपूरमध्ये शाळेनंतरचे वाचनवर्ग तपासले. तिथे गावातले स्वयंसेवक विनामोबदला शिकवत होते. जी मुले वर्गाला गेली ती वाचायला लागली. पण गेली फारच थोडी. जळगावात हे काम सुरू करणाऱ्याने या दोन्ही निष्कर्षांकडे नीट पाहावे. मुलांना गल्लीतून बोलावून आणणे, आली नाहीत तर घरी जाऊन विचारणे, हे कामच आहे, आणि ते फुकट होत नाही.

अमेरिकेत शाळेनंतरच्या केंद्रांवर केंद्र सरकार दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च करते. तिथल्या अभ्यासकांनी, जोसेफ डुर्लाक आणि रॉजर वाइसबर्ग यांनी सहकाऱ्यांसह, अशा कित्येक कार्यक्रमांचे निष्कर्ष २०१० मध्ये एकत्र मांडले. ज्या केंद्रांत कौशल्ये टप्प्याटप्प्याने शिकवली जात, मुले स्वतः हातांनी काही करत, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला असे आणि काय साधायचे ते स्पष्ट असे, तिथे मुलांचे वागणे आणि अभ्यास दोन्ही सुधारले. जिथे मुलांना नुसते बसवून ठेवले जाई, तिथे फरक पडला नाही. केंद्रांची संख्या जाहीर करून टाळ्या मिळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मेहरूणला दहा नावापुरती केंद्रे नकोत. दोन नीट चाललेली हवीत.

साधने? ती आपल्या समोर आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शाळेची इमारत शाळेच्या वेळेनंतर ‘सामाजिक चेतना केंद्र’ म्हणून वापरायला सुचवते आणि जिल्ह्याजिल्ह्यात बालभवन असावे असेही म्हणते. माणसे विद्यापीठाकडे आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने यातले काही तास एकाच वस्तीत, एकाच गटाबरोबर, सलग वर्षभर द्यायचे ठरवले, तर ताईच्या हाताखाली मदतनीसांची उणीव राहणार नाही. लोकसेवक मधुकरराव चौधरी समाजकार्य महाविद्यालय शहरातच आहे, आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सक्तीचेच असते. वाचायला काय द्यायचे? बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी, उर्दू, हिंदी गोष्टी मोफत मिळतात, छापून वाटायलाही परवानगी आहे. अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलची ट्यूब आणि जुन्या वर्तमानपत्रांतून विज्ञानाची खेळणी करायला दोन पिढ्यांना शिकवले. त्या सगळ्या कृती कुणालाही उघडून पाहता येतात.

राहिला पैसा. आमचा ठोकताळा असा: तीस मुलांचे एक केंद्र, त्यात एक ताई आणि एक दादा, प्रत्येकी दहा हजार रुपये मानधन. महिन्याचे २४ दिवस दर मुलामागे दहा रुपयांचा खाऊ, म्हणजे ७,२०० रुपये. चेंडू, दोरी, कागद, वीज धरून आणखी २,८००. महिन्याला ३० हजार, वर्षाला तीन लाख साठ हजार, म्हणजेच एका मुलामागे महिन्याला हजार रुपये. पाच केंद्रांचे १८ लाख. महापालिकेने महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. त्यातला वाटा या कामाला द्यायला कोणत्या नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा नियोजन समिती आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे ज्या उद्योगांना बंधनकारक आहे, त्यांनी भिंती रंगवण्याऐवजी दोन ताईंचे तीन वर्षांचे मानधन उचलावे.

मेहरूणमध्ये अशा केंद्राला आणखी एक काम करता येईल, आणि आम्हांला ते सर्वांत मोलाचे वाटते. मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाची मुले सकाळपासून वेगवेगळ्या इमारतींत असतात. एका गल्लीच्या दोन टोकांना राहून त्यांची ओळख होत नाही. संध्याकाळच्या मैदानावर कबड्डीचा संघ पाडताना माध्यम विचारले जात नाही. घरी कुणी लेवा गणबोली बोलते, कुणी अहिराणी, कुणी दखनी ढंगाची हिंदी. गोष्ट सांगायला या सगळ्या बोली चालतील असे वातावरण ताईला निर्माण करता येते. ते शाळेच्या वेळापत्रकात बसत नाही.

मुलींसाठी काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. दिवेलागणीपर्यंत घरी पोहोचता येईल अशी वेळ हवी, आणि धाकट्या भावंडाला बरोबर आणायची परवानगी हवी, नाहीतर थोरली येणारच नाही. स्वच्छतागृह उघडे आणि वापरण्याजोगे हवे. पोलिस पडताळणीशिवाय कुणालाही मुलांत वावरू देऊ नये, आणि एकटे मोठे माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही हा नियम कधीही सैल होऊ नये. एप्रिल-मेमधल्या जळगावच्या उन्हात वेळ बदलावी लागेल. सुट्टीत तर केंद्र बंद न ठेवता सकाळी चालवावे, कारण मुले सर्वांत एकटी पडतात ती याच दिवसांत. तलाव जवळ आहे, म्हणून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवणे हा मेहरूणच्या केंद्राचा हट्ट असायला हवा.

चौदा वर्षांपुढच्यांना विसरून चालणार नाही. शिक्षण हक्क तिथे संपतो. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाची ८६.८ टक्के मुले कुठे ना कुठे नाव दाखल केलेली आढळली, तरी जवळपास चौथ्या हिश्शाला स्वतःच्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता येत नव्हता. या वयाला बालगीते नकोत. त्यांना दहावीला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म कसा भरायचा हे सांगणारा, विजेच्या किंवा पंप दुरुस्तीच्या कामाची ओळख करून देणारा आणि वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालयाचा रस्ता दाखवणारा दादा हवा.

महापालिका आयुक्तांनी येत्या अंदाजपत्रकात ‘शाळेनंतरची केंद्रे’ या नावाचा स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि मेहरूण परिसरातल्या दोन शाळांपासून सुरुवात करावी. चालवण्याचे काम अनुभवी स्थानिक संस्थेला लेखी करार करून द्यावे, किल्ली शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकाकडे असावी, आणि ताई-दादांचे मानधन दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत त्यांच्या खात्यात पडावे. तीन महिन्यांनी किती मुले रोज आली आणि किती जण वाचायला लागली, याचा तक्ता शाळेच्या फाटकावर लावावा. तो पाहायला आम्हीही येऊ.