आकडा उतरला म्हणजे गुण आला असे नव्हे

कंबरदुखी-सांधेदुखीवरील अ‍ॅपची जाहिरात बहुधा एकाच आलेखावर उभी असते: पहिल्या दिवशी वेदना १० पैकी ८, सहा आठवड्यांनी ३. हा पुरावा नव्हे. माणूस अ‍ॅप उघडतो तेव्हा वेदना शिगेला पोहोचलेली असते. आणि नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूक ओसरते. निसर्गाचे श्रेय अ‍ॅपने लाटू नये. तुलनेसाठी अ‍ॅप न वापरणारा, यादृच्छिकपणे निवडलेला गट हवाच.

व्यायाम उपयुक्त आहे आणि फिजिओथेरपिस्ट नाही तिथे मोबाइल पोहोचतो, हे मान्य. म्हणूनच कसोटी कठोर हवी. या देशात कंबरदुखीआड मणक्याचा क्षयही दडलेला असू शकतो. ताप, घटते वजन, पायांतील बधिरता, लघवीवरील सुटलेला ताबा यांची विचारपूस न करता व्यायाम सुचवणारे अ‍ॅप घातकच.

निदान वा उपचारासाठीचे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरते. वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून उपलब्ध आहे. मग ‘वेलनेस’ या शब्दाची पळवाट कशाला? उपचाराचा दावा करणाऱ्यांनी चाचणीचे निष्कर्ष मांडावेत. अन्यथा दावा मागे घ्यावा.