विरोधकाचा मुद्दा आधी नीट मांडा

चळवळीतल्या तरुणांचे लेख आमच्याकडे वाचायला येतात. विषय आरक्षणाचा असला की पहिल्याच ओळीत समोरचा ‘मनुवादी’ ठरतो आणि युक्तिवाद तिथेच संपतो. पुढे फक्त संताप. तो खराच आहे, सकारण आहे. पण कुंपणावरचा वाचक त्याने हलत नाही.

बाबासाहेबांनी काय केले? भाषण बदला, हा लाहोरच्या जातपात तोडक मंडळाचा आग्रह त्यांनी धुडकावला, अधिवेशन बारगळले आणि 1936 मध्ये ते भाषण त्यांनी स्वतः छापले. गांधींनी ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. 1937 च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका जशीच्या तशी घेतली आणि सोबत आपले उत्तर दिले. विरोधकाचे शब्द आपल्याच पुस्तकात छापायला काय आत्मविश्वास लागतो! मूळ भाषणातही हीच शिस्त आहे. जात म्हणजे श्रमविभागणी, हा समर्थकांचा दावा ते आधी मांडतात. मग दाखवून देतात की ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, तीही उतरंडीची, आणि माणसाची आवड वा कुवत तिच्यात विचारलीच जात नाही.

आता ‘आरक्षणाने कार्यक्षमता घसरते’ हा दावा घ्या. ‘मग डोनेशनवाल्यांच्या गुणवत्तेचे काय?’ हा आपला आवडता प्रतिप्रश्न. सभेत टाळ्या मिळतात. पण त्याने समोरच्याचा दुटप्पीपणा उघडा पडतो, दावा खोटा ठरत नाही. त्यासाठी अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांचा भारतीय रेल्वेवरचा अभ्यास वाचा. 1980 ते 2002 ची आकडेवारी तपासूनही, अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र इथे हात आखडता घ्या. अभ्यास एकट्या रेल्वेचा आहे. ‘सगळीकडे सिद्ध झाले’ असे लिहिलेत तर पुढचा माणूस तिथेच पकडेल. ‘रेल्वेत हा दावा टिकला नाही, इतरत्र टिकतो म्हणणाऱ्याने पुरावा आणावा’ एवढेच लिहा.

आणि समोरच्याचे जे खरे असेल ते कबूल करा. लाभ सगळ्यांपर्यंत सारखा पोचलेला नाही, हे खरे आहे. त्यातून राखीव जागा पूर्ण भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, हे निघते. आरक्षण काढा, हे निघत नाही.