दाखला हाती दिला की जबाबदारी संपते?

मधल्या सुट्टीत एखाद्याचा डबा हिसकावून घेणे, रंगावरून वा अंगकाठीवरून टोपणनाव पाडून त्याला रोज डिवचणे, स्वच्छतागृहात गाठून दमदाटी करणे आणि आता मोबाइलवरील गटांत त्याची छायाचित्रे फिरवून खिल्ली उडवणे, या सर्व प्रकारांना ‘मुलांची मस्ती’ असे गोंडस नाव देण्याची सवय समाजाला जडली आहे. वस्तुतः दोन बरोबरीच्या मुलांचे भांडण आणि एकाच दुर्बळ मुलाचा नित्य होणारा छळ यांत महदंतर आहे. भांडण मुले आपापसांत मिटवतात. छळातून सुटण्याचा मार्ग मात्र त्या एकट्या मुलापाशी नसतो.

तक्रार आलीच, तर अनेक शाळा दोन टोके गाठतात. एक तर वर्गासमोर माफी मागायला लावून प्रकरणावर पडदा टाकला जातो, नाही तर दांडगट मुलाच्या पालकांना दाखला काढून नेण्यास सुचवले जाते. पहिल्या उपायाने छळ थांबत नाही, तो फक्त नजरेआड होतो. दुसऱ्या उपायाने तो शेजारच्या शाळेत जातो.

कायदा याबाबतीत काय सांगतो? महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रारीची सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे. परंतु सहावी-सातवीतील मुलाला तुरुंगाची भाषा ऐकवून काय साधणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकण्यास, तसेच शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. म्हणजे छडी गेली आणि दाखल्याचा धाकही गेला. हे योग्यच झाले. मात्र त्यांच्या जागी काय आणायचे, याचा विचार किती शिक्षकदालनांत झाला?

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. १९८२ च्या अखेरीस तेथे तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सहाध्यायांनी केलेला छळ असावा, असे मानले गेले आणि देश हादरला. शासनाने १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम हाती घेतली. मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी बर्गन येथील ४२ शाळांत केलेल्या कामात छळाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे दिसून आले. उपाय साधेच होते : सुट्टीत मैदानावर शिक्षकांची उपस्थिती, छळाविरुद्ध वर्गाचे ठरलेले नियम, त्यांवर नियमित चर्चा, आणि छळणारा, सोसणारा व दोघांचे पालक यांच्याशी गंभीर संवाद. नियम मोडणाऱ्याला ठरलेला परिणाम भोगावा लागे, पण त्याला दूर लोटले जात नसे.

आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये संलग्न शाळांना छळप्रतिबंधक समिती नेमण्याच्या सूचना दिल्या. तीत समुपदेशक आणि पालकांचे प्रतिनिधीही अपेक्षित आहेत. परंतु समितीचा फलक भिंतीवर लागल्याने मुलाला धीर येत नाही. आपण सांगितलेले गुप्त राहील आणि उद्या त्याचा सूड उगवला जाणार नाही, ही खात्री वाटली तरच ते बोलते. ही खात्री वर्गशिक्षकच देऊ शकतो; प्रकरण मिटल्यावर आठवड्याने, महिन्याने त्या मुलाची विचारपूस करणेही त्याच्याच हाती असते. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले कोंबणाऱ्या संस्थाचालकांनी याचाही विचार करायला हवा.

शिस्त आणि जिव्हाळा यांत निवड करण्याचा प्रश्नच नाही. शिक्षेवाचून केलेली समजावणी दुर्बळ ठरते आणि समजावणीवाचून केलेली शिक्षा सूडाचे बीज पेरते. ज्याने छळ केला तोही त्याच शाळेचा विद्यार्थी असतो. त्याला माणूस म्हणून घडवण्याचे काम दाखल्यावर सही करून दुसऱ्या शाळेकडे सोपवता येत नाही.